सिंहासन आधी, मशीहा नंतर: इस्राएलच्या राजपदाची वचने कोणत्या क्रमाने वाचावीत

मशीहाच्या, म्हणजे देवाने पाठवायच्या राजाच्या, आशेवर टिपण करायला बसलेला माणूस बहुधा यशयाचा नववा अध्याय उघडतो, बाळ जन्मल्याच्या ओळीवर बोट ठेवतो आणि पुढच्याच वाक्यात येशूच्या जन्माच्या, बेथलेहेमच्या गोठ्यात शिरतो. मधली सातशे वर्षे वाटेत कुठे सांडली हे त्याला कळतही नाही. आमच्या वाचनमंडळाची पहिली दोन सत्रे मी स्वतः अशीच घालवली. तिसऱ्या सत्रात एका आजींनी विचारले, ‘‘हे ज्या राजासमोर बोललं गेलं, त्याला बिचाऱ्याला यातलं काय कळलं असेल?’’ मला उत्तर देता आले नाही. मग वही बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरुवात केली. तोच क्रम खाली देतो आहे.

चूक हेतूची नसते, क्रमाची असते. शेवट माहीत असल्यामुळे आपण शेवटाकडून मागे वाचतो. मग प्रत्येक वचन भविष्यकथन दिसू लागते आणि ज्या खुर्चीभोवती ते बोलले गेले ती खुर्चीच दिसेनाशी होते. आशा त्या खुर्चीतून निघाली. आधी खुर्चीला वचन मिळाले, मग बसणाऱ्यांनी ते मोडले, मग खुर्चीच गेली. वचन मात्र कोणी मागे घेतले नाही. हे चार टप्पे वेगळे दिसले पाहिजेत.

## तयारी

बायबलची शक्य तर दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवा, एक जुन्या वळणाचे आणि एक सोपे. जुन्यात ‘अभिषिक्त’ असते तिथे सोप्यात कधी ‘निवडलेला राजा’ अशी उकल केलेली असते. हा फरक पहिल्याच पायरीला उपयोगी पडतो.

एका लांब कागदावर आडवी रेघ ओढा आणि त्यावर सातच खुणा करा. सुमारे १००० (राजा दावीद), सुमारे ९३० (राज्याची फाळणी: उत्तरेला इस्राएल, दक्षिणेला यहूदा), ७२२ (अश्शूरकडून उत्तरेचे राज्य बुडाले), ५९७ (यहूदाचा राजा यहोयाखीन बंदी होऊन बाबिलोनला), ५८७/५८६ (यरुशलेम आणि मंदिर भस्मसात), ५२० (बाबिलोनहून परतलेल्यांनी मंदिराचे काम हाती घेतले), ६३ (रोमन सेनापती पाँपी यरुशलेमात). सगळे इसवी सनापूर्वीचे. याहून जास्त तारखा घेऊ नका. पहिल्या कागदावर मी बावीस राजे लिहिले होते आणि कोणीही त्याकडे पुन्हा पाहिले नाही.

वहीत तीन रकाने आखा: उतारा, त्या वेळी गादीवर कोण, त्या राजाकडून काय मागितले आहे. चौथा रकाना आखायचा मोह होईल, ‘येशूमध्ये कसे पूर्ण झाले’. तो आत्ता नको. शेवटच्या पायरीला त्याची पाळी येते.

वेळेचा अंदाज: आठ पायऱ्या, आठ बैठका. तिसरी आणि सहावी जास्त वेळ घेतात.

## पायरी १: शब्दावरचा गंज काढा

हिब्रू ‘मशियाख’ म्हणजे तेल माखलेला. ग्रीकमध्ये त्याचाच अनुवाद ‘ख्रिस्तोस’. म्हणजे ‘ख्रिस्त’ हे आडनाव नाही, पदवी आहे. आपल्याकडे अभिषेक म्हटले की डोळ्यांपुढे पाणी येते, पिंडीवरची धार नाहीतर नद्यांचे कलश. इथे जैतुनाचे तेल आहे आणि ते डोक्यावर ओतले जाते.

तीन उतारे लागोपाठ वाचा. १ शमुवेल २४ मध्ये राजा शौल गुहेत येतो, दावीद त्याच्या झग्याचा काठ कापतो आणि मग चरकतो, कारण समोरचा माणूस परमेश्वराचा अभिषिक्त आहे. लेवीय ४ मध्ये हाच शब्द याजकाला लावला आहे. यशया ४५ च्या पहिल्या ओळीत तो पारसाचा (पर्शियाचा) राजा कोरेश याला लावला आहे, जो इस्राएली तर नव्हताच आणि त्या ओळींनुसार इस्राएलच्या देवाला ओळखतही नव्हता.

तपासणी: तिन्ही ठिकाणी ‘अभिषिक्त’ काढून ‘मशीहा’ घालून वाचा. वाक्य विचित्र वाटले तर बरोबर चालला आहात. या टप्प्यावर हा शब्द चालू राजाचा आहे, येणाऱ्या कोणाचा नाही.

अभिषेक डोळ्यांनी पाहायचा असेल तर १ राजे १ मोठ्याने वाचून घ्या. म्हातारा दावीद अंथरुणाला खिळलेला आहे. तिकडे एन-रोगेलपाशी त्याचा एक मुलगा अदोनीया याने स्वतःच राजा होण्याची मेजवानी मांडली आहे. इकडे शलमोनाला बापाच्या खेचरावर बसवून गीहोन झऱ्यावर नेतात, सादोक याजक मंडपातून तेलाचे शिंग आणतो, तेल ओततो, कर्णा वाजतो आणि लोक असा गजर करतात की जमीन दणाणते. अदोनीयाच्या पाहुण्यांचे जेवण नुकते उरकत आले आहे. आवाज ऐकून ते गपकन उठतात आणि ज्याला जी वाट दिसेल तिने पळतात. कोणाच्या डोक्यावर तेल पडले यावर किती काय ठरत होते, हे या एका दुपारीत कळते.

## पायरी २: राजाला झालेला विरोध सोडू नका

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून पुढे त्यांना संदेष्ट्यांचा राग कळत नाही. शास्ते ९ मधली झाडांची गोष्ट वाचा: जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल राजा व्हायला नकार देतात, शेवटी काटेरी झुडूप हो म्हणते. मग १ शमुवेल ८. इतर राष्ट्रांसारखा राजा हवा म्हणून वडीलधारे अडून बसतात, तेव्हा शमुवेल संदेष्टा त्यांना जे ऐकवतो ते जवळजवळ कराच्या नोटिशीसारखे आहे: मुलगे रथांपुढे धावतील, मुली स्वयंपाकाला आणि भट्टीला लागतील, धान्याचा दहावा हिस्सा जाईल.

शेवटी ‘अनुवाद’ या पुस्तकातले १७:१४-२०. इथे राजाला तीन गोष्टींची मनाई आहे: पुष्कळ घोडे, पुष्कळ बायका, पुष्कळ सोनेनाणे. आणि एक काम आहे: नियमशास्त्राची प्रत लिहून घ्यायची आणि रोज वाचायची. हे तीन ‘पुष्कळ’ वहीत लाल शाईने लिहा. सातव्या पायरीला पुन्हा लागतील.

## पायरी ३: २ शमुवेल ७ वर थांबा

साऱ्या आशेचा खांब हा आहे, म्हणून इथे घाई नको. दावीद गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश (कराराची पवित्र पेटी) तंबूत आहे याची त्याला लाज वाटते. देवासाठी घर बांधतो असे तो म्हणतो. नाथान संदेष्टा रात्री वाणी ऐकतो आणि सकाळी उलटा निरोप आणतो: तू मला घर बांधणार नाहीस, मीच तुझे घर बांधीन. हिब्रूत राजवाडा, मंदिर आणि वंश या तिन्हींना एकच शब्द आहे. मराठी वाचकाला हा श्लेष समजावून सांगावा लागत नाही, कारण आपले ‘घर’ आणि ‘घराणे’ एकाच मुळाचे आहेत. अध्यायात हा शब्द जिथे जिथे येईल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि प्रत्येक ठिकाणी वास्तू की वंश हे समासात लिहा.

आता तीन कलमे वेगळी काढा.

एक: देव राजाचा पिता, राजा त्याचा पुत्र. दोन: राजाने अधर्म केला तर त्याला छडी बसेल. तीन: तरी कृपा काढून घेतली जाणार नाही, गादी सर्वकाळ टिकेल. दुसरे कलम लोक वाचतात पण पाहत नाहीत. जो पुत्र आहे तोच चुकूही शकतो, हे इथे गृहीत धरलेले आहे. ‘देवाचा पुत्र’ ही या जागी गादीवर बसलेल्या हाडामांसाच्या राजाची पदवी आहे.

नंतर १ इतिहास १७ शेजारी उघडा. तोच प्रसंग, तेच वचन, पण छडीचे कलम नाही. इतिहासाची पुस्तके लिहिली गेली तेव्हा गादीच उरली नव्हती. चुकणारा राजा समोर नसला की वचनातला आदर्श राजा आणखी उजळ होतो. आशा कशी तयार होते हे दोन पाने शेजारी ठेवल्यावर डोळ्यांना दिसते. माझ्या मते या साऱ्या अभ्यासातला सर्वांत शिकवणारा अर्धा तास हाच.

सावधान: १ राजे २:४ आणि स्तोत्र १३२ मध्ये हेच वचन ‘तुझे पुत्र नीट वागले तर’ अशा अटीसह येते. दोन्हींची सरमिसळ करून एक गुळगुळीत वाक्य बनवू नका. विनाअट आणि सअट असे दोन धागे आहेत आणि पुढची सगळी ओढाताण त्यांच्यातलीच आहे.

घराण्याचे नाव बायबलबाहेरही आहे. उत्तर इस्राएलमधल्या तेल दान येथे १९९३ मध्ये इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला एक अरामी शिलालेख सापडला. त्यात एक परका राजा आपल्या विजयांची बढाई मारताना ‘दाविदाचे घराणे’ असा उल्लेख करतो, असे बहुतेक अभ्यासक वाचतात. म्हणजे शत्रूही या राज्याला ‘घर’ याच शब्दाने ओळखत होते.

## पायरी ४: गादीची स्तोत्रे, या क्रमाने

आधी २, मग ७२, मग ८९.

दुसरे स्तोत्र राज्यारोहणाचे वाटते. ‘आज मी तुला जन्म दिला’ या शब्दांतला ‘आज’ म्हणजे बहुधा गादीवर बसण्याचा दिवस. बहात्तरावे ही राजासाठीची प्रार्थना आहे. त्यात राज्याचा पल्ला समुद्रापासून समुद्रापर्यंत आहे, पण त्याचे कारण सैन्य नव्हे. राजा गरिबाची हाक ऐकतो, दुबळ्याचे रक्त त्याला मोलाचे वाटते, म्हणून. तिसऱ्या रकान्यात हे शब्दशः उतरवा. यहूदाच्या छोट्याशा डोंगरी राज्याच्या राजासाठी हे म्हटले जात होते. शब्दांचे माप एवढे मोठे आणि माणूस एवढा छोटा. ती मोकळी जागा पुढे आशेने भरली.

एकोणनव्वदावे अर्धवट वाचू नका. पहिला भाग नाथानच्या वचनाची गोड उजळणी आहे. अडतिसाव्या ओळीपासून सूर फिरतो: तू करार टाकून दिलास, मुकुट धुळीत फेकलास, तुझी ती जुनी प्रीती कुठे गेली? सभेत वाचताना हा शेवट अनेकदा गाळला जातो, आणि नेमका तोच आपल्या कामाचा आहे.

## पायरी ५: यशया वाचताना आहाजला समोर बसवा

सातवा अध्याय सुमारे ७३४ चा. अराम आणि उत्तरेचे इस्राएल यांनी मिळून यरुशलेमवर चाल केली आहे. यहूदाचा राजा आहाज कुठे आहे? वरच्या तळ्याच्या पाटाशी, परटाच्या शेताच्या वाटेवर. वेढा पडला तर पाण्याचे काय, हे बघत असावा. यशया आपल्या मुलाला घेऊन त्याला तिथे गाठतो. खुणेचे बाळ (एक स्त्री मुलाला जन्म देईल, हीच खूण) याच संभाषणात येते आणि त्याची मुदतही सांगितलेली आहे: मुलाला बरेवाईट कळू लागण्याआधी त्या दोन राजांचा मुलूख ओसाड होईल.

सावधान: तिथला हिब्रू शब्द तरुण स्त्रीसाठी आहे. ग्रीक भाषांतरात ‘कुमारी’ झाला, आणि येशूचे चरित्र लिहिणाऱ्या मत्तयाने तोच घेतला. दोन्ही वाचने खरी घडलेली आहेत, पण एक आहाजच्या काळातले आणि एक मत्तयाच्या. वहीत ती दोन वेगळ्या ओळींवर हवीत.

नववा अध्याय वाचताना अनेक अभ्यासकांना आहाजचा मुलगा हिज्कीया दिसतो. अकराव्यात मात्र भाषा बदलते. दाविदाचे नाव नाही, त्याच्या बापाचे आहे: इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. बुंधा म्हणजे झाड तुटलेले आहे. चालू राजाच्या फांदीवर भरवसा उरला नाही, म्हणून संदेष्टा मुळाशी जातो. या राजाचे काम बघा आणि स्तोत्र ७२ शी ताडून पाहा.

तपासणी: दोन्ही ठिकाणी गरिबांचा न्याय हा समान धागा सापडला का? नसेल तर तिसरा रकाना नीट भरलेला नाही.

## पायरी ६: रिकामी खुर्ची

आता यहोयाखीन. अठराव्या वर्षी गादीवर आला, तीन महिन्यांत बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने उचलून नेला. यिर्मया २२ मध्ये त्याला कोन्या म्हटले आहे आणि शब्द भयंकर आहेत: हा माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असता तरी मी उपटून काढला असता. याचा कोणीही वंशज दाविदाच्या गादीवर बसणार नाही. लगेच पुढच्या अध्यायात ‘नीतिमान अंकुर’ येतो आणि त्याचे नाव ‘परमेश्वर आमची नीतिमत्ता’. हा टोला आहे. त्या वेळचा राजा होता सिद्कीया, आणि त्याच्या नावाचा अर्थ जवळजवळ तोच. नाव हे, वागणे ते. खरा अजून यायचा आहे. येणारा राजा हा चालू राजाचा निषेध असतो, हे इथे अगदी उघडे पडते.

बाबिलोनच्या उत्खननात मातीच्या पाट्या निघाल्या, शिधावाटपाच्या. इसवी सनापूर्वी ५९२ च्या सुमाराच्या पाटीवर यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांचा उल्लेख आहे आणि त्यांना किती तेल द्यायचे ते माप आहे. तेलाने अभिषेक झालेला राजा परक्याच्या कोठारातून मापाने तेल घेतो आहे. २ राजे या पुस्तकाचा शेवटही त्याच्याचपाशी होतो: तुरुंगातून सुटतो, कपडे बदलतो, बाबिलोनच्या राजाच्या पंगतीला मरेपर्यंत जेवतो. गादी नाही, पण वंश जिवंत आहे.

मग हाग्गय २:२३. साल ५२०, यरुशलेममध्ये जरूब्बाबेल सुभेदार आहे, तोही पारसाच्या राजाने नेमलेला. तो यहोयाखीनचा नातू. त्याला संदेष्टा म्हणतो: मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करीन. आजोबाच्या वेळी उपटलेली अंगठी नातवाच्या वेळी पुन्हा बोटात. यिर्मया वाचला नसेल तर ही ओळ नुसती शोभेची वाटते.

पण जरूब्बाबेल राजा झाला नाही. मंदिर पूर्ण झाल्याचे सांगताना एज्रा ६ मध्ये त्याचे नावदेखील येत नाही.

तपासणी: ‘अंगठी’ हा शब्द वहीत दोनदा आला पाहिजे आणि त्यांच्यामध्ये सुमारे पाऊणशे वर्षे पाहिजेत.

## पायरी ७: एकच अपेक्षा होती असे समजू नका

सर्वांत जास्त घसरगुंडी इथे होते. ‘यहुदी लोक राजकीय मशीहाची वाट पाहत होते’ हे वाक्य वहीत असेल तर खोडा. काही पाहत होते, काही याजकाची, काही दोघांची. आणि पुष्कळ लिखाणात मशीहाचे नावही नाही.

जखऱ्या ४ मध्ये दोन अभिषिक्त आहेत, राजवंशाचा आणि याजकवंशाचा. मृत समुद्राकाठच्या कुमरान पंथाने हे पुढे नेले. त्यांच्या नियमावलीत एक संदेष्टा आणि ‘अहरोनाचे (म्हणजे याजकवंशाचे) व इस्राएलाचे अभिषिक्त’ येतील असे म्हटले आहे. तिथल्याच दुसऱ्या एका गुंडाळीत २ शमुवेल ७ आणि दुसरे स्तोत्र एकत्र घेऊन येणाऱ्या राजाबद्दल वाचले आहे. गादीची भाषा पूर्णपणे भविष्याकडे वळल्याचा हा पुरावा.

याच काळात हासमोनी या यहुदी घराण्याने याजकपदाबरोबर राजाचा किताबही घेतला. ते दाविदाच्या वंशाचे नव्हते. ६३ मध्ये पाँपी आला आणि तेही संपत आले. त्यानंतरच्या काही दशकांतली ‘शलमोनाची स्तोत्रे’ बायबलबाहेरची आहेत. त्यांतले सतरावे म्हणते की दाविदाचा पुत्र येईल, यरुशलेम शुद्ध करील, आणि तो घोडा, स्वार, धनुष्य यांच्यावर विसंबणार नाही, युद्धासाठी सोनेनाणे साठवणार नाही. आता दुसऱ्या पायरीतली लाल शाई बघा. त्या तीन ‘पुष्कळां’तले दोन इथे परत आले आहेत.

## पायरी ८: चौथा रकाना आता आखा

आता नवा करार उघडा. गाढवावरून प्रवेश, ‘दाविदाच्या पुत्रा’ अशी हाक, वधस्तंभावरची ‘यहुद्यांचा राजा’ ही पाटी, हे सारे नोंदवा. जखऱ्या ९ मधले गाढव आणि शलमोनाचे खेचर हे एकच जनावर असल्यासारखे मात्र लिहू नका. साम्य राजाच्या स्वारीचे आहे. मार्क १२ मध्ये येशू मंदिरात स्वतःच विचारतो, की मशीहा दाविदाचा पुत्र तर दावीद त्याला प्रभू कसा म्हणतो? दाविदाची चौकट घेतली आहे आणि ती अपुरी पडते असेही म्हटले आहे.

चौथा रकाना ख्रिस्ती उत्तरांनीच भरला तर तो अर्धा राहील, त्यात यहुदी ओळही हवी. रोजच्या यहुदी प्रार्थनेत दाविदाचा अंकुर लवकर फुटू दे असे मागणे आहे, आणि शब्द यिर्मयाचाच. इसवी सन १३२ ते १३५ च्या रोमविरुद्धच्या बंडात रब्बी अकिवा यांना बंडाचा नेता बार कोखबा याच्यात मशीहा दिसला. आपल्या कोकणातले बेने इस्राएल मलिदाच्या ताटाशी एलीयाहू हन्नावीचे (एलीया संदेष्ट्याचे) गीत म्हणतात, त्यातही त्याने दाविदाच्या पुत्राला, मशीहाला घेऊन लवकर यावे अशी विनवणी आहे. या वाचकांसाठी रकाना भरलेला नाही, उघडा आहे. ते तसेच लिहा, ‘अजून समजले नाही’ असे नको.

शेवटची तपासणी: मत्तयाचा पहिला अध्याय घ्या. नावांच्या त्या यादीवरून सगळे झरझर पुढे जातात. अकराव्या-बाराव्या ओळीत यखन्या आहे, म्हणजे आपला यहोयाखीन. वहीत मागे जाऊन त्याच्या नावापुढे उपटलेली अंगठी आणि बाबिलोनच्या कोठारातले तेलाचे माप नोंदले आहे का, ते बघा.